इंजिन किंवा तारा बदलल्यावर डिझेल पंपाची तपासणी

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वापसा आला म्हणजे पेरणीस दिवस थोडे असतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीन व तूर यांची पेरणी आतां बहुतेक ट्रॅक्टरानेंच होते. तो ऐन वेळीं उभा राहिला तर वापसा कोणासाठीं थांबत नाहीं. उन्हाळ्यांत जुनें इंजिन काढून दुसरें बसविलें, किंवा उंदरांनीं कुरतडलेल्या तारा बदलल्या, म्हणजे पुष्कळदां स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाहीं. मग सारा दोष डिझेल पंपाच्या माथीं मारला जातो. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. कालपर्यंत चालत असलेला पंप सहसा एकाएकीं बिघडत नाहीं. चुकते ती त्यास जोडलेली नळी, तार किंवा खूण. म्हणून पंप खोलण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमानें करावी.

१. बंद करण्याची योजना :— जुन्या ट्रॅक्टरांत ओढण्याची केबल पंपाच्या दांडीस जोडलेली असते. ती ताणून बसली तर दांडी 'बंद' स्थितींतच राहते व डिझेल पुढें जात नाहीं. कांहीं ट्रॅक्टरांत हें काम विजेचा सोलेनॉइड करतो. चावी देतांच त्याचा 'टक्' असा आवाज यावा. न आल्यास १२ व्होल्टच्या दिव्याची एक तार सोलेनॉइडच्या तारेस व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकास लावावी. दिवा न लागल्यास दोष फ्यूज, चावी वा तार यांत आहे. स्टार्टर फिरतांना तो विझत असेल, तर तार चावीच्या भलत्याच टोकास जोडली आहे किंवा बॅटरी अशक्त आहे. दिवा नीट लागूनही आवाज नसेल, तर अर्थिंग पाहून मगच सोलेनॉइड बदलावा.

२. नळ्या :— टाकीकडून येणारी व टाकीकडे परत जाणारी नळी यांची अदलाबदल झाली नाहीं ना, तें पाहावें. टाकीच्या झाकणाचें हवेचें भोंक मोकळें असावें. संशय राहिल्यास स्वच्छ डिझेलचा डबा पंपाहून उंच ठेवून त्यांतून नळी जोडावी. इंजिन चालू झालें, तर दोष टाकी व तिच्या नळीकडील आहे.

३. हवा :— नळ्या सुटल्या कीं आंत हवा शिरतेच. फिल्टरावरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे संपून सलग डिझेल आलें कीं स्क्रू आवळावा. तसेंच पंपाच्या स्क्रूचें करावें. शेवटीं इंजेक्टरांच्या नळ्यांचे नट किंचित् सैल करून स्टार्टर फिरवावा व डिझेल येतांच आवळावे. स्टार्टर १० सेकंदांहून अधिक सलग फिरवूं नये. गिअर काढलेला असावा व जवळ विडी पेटवूं नये.

४. खूण :— इंजेक्टरांपर्यंत डिझेल पोंचतें, पांढरा धूर येतो, तरी इंजिन चालत नाहीं, तर पंपाची व इंजिनाची खूण जुळते कीं नाहीं, व नळ्या त्या इंजिनाच्या क्रमानें लागल्या आहेत कीं नाहींत, हें माहितीपुस्तकावरून ताडावें.

एवढें करूनही इंजेक्टरांपाशीं डिझेल येत नसेल, तरच पंप काढून चांचणीयंत्र असलेल्या कारखान्यांत न्यावा. बॉश कंपनीनें १९२७ सालीं असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. त्यांतील दट्ट्या व नळकांडें यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागांइतकीच असते. शेताच्या बांधावर तो उघडणें म्हणजे धुळीनें त्याचा नाश करणें होय.

चालू इंजिनाच्या दाबाच्या नळीची गळती बोटानें कधींही पाहूं नये. तेथील बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. विलंबानें बोट वा हातही गमवावा लागतो.

फेरफार नोंदल्याशिवाय सात-बारा बदलत नाहीं, तोच नियम येथें लावावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व वहींत टिपावी. म्हणजे मिस्त्रीस दोष शोधणें सोपें जातें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार बदललेल्या इंजिनाची नोंद परिवहन कार्यालयांतही करून घ्यावी. हीं सर्व कामें वैशाखांतच उरकावीं व रोहिणी निघण्यापूर्वी ट्रॅक्टर दोन तास शेतांत चालवून पाहावा, एवढी आमची वाचकांस विनंती आहे.