मत्स्यपेटीची बैठक

मोठ्या मत्स्यपेटींतील मासे सर्वांस दिसतात. पेटीचा भार वाहणारी बैठक कोणी पाहत नाहीं. आम्हींही पाहिली नव्हती. आमच्या पहिल्या बैठकीच्या आडव्या तुळया केवळ स्क्रूंच्या आधारें खांबांस लटकत होत्या. पेटी निम्मी भरतांच बैठक एका अंगास कलली. मासे घागरींत ठेवून सारें पाणी बादल्यांनीं उपसावें लागलें.

मग आम्हीं हिशेब केला. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशा पेटींत २४३ लिटर पाणी मावतें. एक लिटर पाण्याचें वजन सुमारें एक किलो. त्यांत कांच व वाळू मिळवितां भार ३०० किलोंच्या वर जातो. जणूं पांच प्रौढ माणसें रात्रंदिवस त्यावर उभीं!

ह्यास्तव नवी बैठक करितांना आम्हीं तीन नियम पाळले. पहिला, लांकडाचा भार लांकडानेंच पेलावा. तुळया खांबांच्या माथ्यांवर बसविल्या, स्क्रूंनीं त्या जागीं धरल्या इतकेंच. दुसरा, चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाहीं. म्हणून पाठीमागें व दोन्ही बगलांस कर्णाच्या पट्ट्या बसविल्या. तिसरा, पाणसळ लावून माथा समतल केला व फळीवर थर्माकोलचा पातळ थर अंथरला. कारण तळाखालीं उंचवटा राहिल्यास कांच तेथूनच तडकण्याचें भय असतें.

वाचकहो, त्रिकोणाचे सिद्धांत आम्हांस पाठ होते. ते उपयोगांत आणण्यास मात्र एक बैठक कलावी लागली.