गोदाम, गाडी आणि खणक्रमांक : साठा-व्यवस्थेचा एक पाठ

शाळेच्या पहिल्या दिवशी प्रत्येक बालकाच्या हाती पाठ्यपुस्तक असावे, ही अपेक्षा आता सर्वमान्य झालेली आहे. पुस्तके छापली जातात, तालुक्याच्या गोदामात येतात, तेथून गाडीने केंद्रात व शाळांत पोचतात. इतके होऊनही कोठे तरी चार मुले पुस्तकाविना बसतात आणि तीच चार पुस्तके दिवाळीच्या सुमारास एखाद्या ताडपत्रीखाली सापडतात. पुस्तके कमी आलेली नसतात. ती कोठे आहेत हे कोणासही सांगता येत नसते. गटसाधन केंद्रातील सेवक, केंद्रप्रमुख व मुख्याध्यापक यांच्यासाठी प्रस्तुत पाठ लिहिला आहे. वस्तू नेमकी कोठे आहे हे संगणकाच्या साह्याने सदैव सांगता यावे, यासाठी काय करावे, हा त्याचा विषय होय.

१. क्रमांक जागेला द्यावा

ग्रंथालयाची पद्धत आपणांस परिचित आहे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. तत्पूर्वी अनेक ग्रंथालयांत पुस्तकास फळीवरील ठराविक जागेचा क्रमांक देत असत, व नवी पुस्तके आली की तो बदलावा लागे. ड्यूई यांनी क्रमांक विषयाला दिला, त्यामुळे ही अडचण दूर झाली. गोदामाची गरज मात्र निराळी आहे. तेथे एकाच पुस्तकाच्या शेकडो सारख्या प्रती गठ्ठ्यांनी येतात, काही दिवस राहतात व निघून जातात. म्हणून गोदामात जागेला कायमचा क्रमांक द्यावयाचा, आणि त्या जागी आज कोणती वस्तू किती आहे, हे नोंदीने दाखवावयाचे. अशा क्रमांकित जागेस आपण ‘खण’ म्हणू. आपली जडवस्तू संग्रह नोंदवही वस्तू किती आहे ते सांगते. खणक्रमांक ती कोठे आहे ते सांगतो. दोन्ही माहिती एकत्र आली म्हणजेच साठ्याचे ज्ञान पूर्ण होते.

२. खणक्रमांकाची रचना

क्रमांक मोठ्या जागेकडून लहान जागेकडे जावा. उदाहरणार्थ, ‘अ-०२-०३-०१’ म्हणजे ‘अ’ खोली, दुसरी मांडणी, खालून तिसरा कप्पा, डावीकडून पहिला खण. नवखा मनुष्यही हे वाचून योग्य जागी पोचला पाहिजे. याबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

अंक नेहमी दोन स्थळांत लिहावेत. ‘२’ ऐवजी ‘०२’ लिहावे. अन्यथा क्रमांक अक्षरांप्रमाणे लावताना संगणक १० ला २ च्या आधी बसवतो व यादी विस्कटते. ‘ब’ व ‘व’ किंवा ‘प’ व ‘ष’ अशी घाईत सारखी दिसणारी अक्षरे एकाच गोदामात वापरू नयेत. क्रमांकात वस्तूचे नाव घालू नये. आज जेथे गणिताची पुस्तके आहेत तेथे उद्या खडूच्या पेट्या येतील. एकाच विषयाची मराठी व उर्दू माध्यमांची पुस्तके, किंवा सारख्या रंगाच्या वेष्टनाचे गठ्ठे शेजारच्या खणांत ठेवू नयेत. जड गठ्ठे खाली, वारंवार लागणारी वस्तू दाराजवळ, आणि सर्व काही भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच असावे. ओल व वाळवी यांचा उपद्रव त्यामुळे टळतो. फाटक्या वा भिजलेल्या प्रतींसाठी एक वेगळा खण राखावा, म्हणजे त्या चांगल्या साठ्यात मोजल्या जाणार नाहीत.

३. संगणकातील नोंद

मुंबईत निर्माण झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्त आज्ञावली अथवा बेल्जियममधील ‘ओडू’ यांत साठ्याच्या जागा वृक्षाप्रमाणे मांडता येतात. मुख्य गोदामाखाली खोली, तिच्याखाली मांडणी, मांडणीखाली खण. अशी आज्ञावली नसल्यास संगणकावरील साध्या तक्त्यातही ‘वस्तू, खण, संख्या’ असे तीन रकाने करून आरंभ करता येतो.

साधन कोणतेही असो, व्यवहार तीनच प्रकारचे असतात. बाहेरून माल आला ती आवक. एका खणातून दुसऱ्या खणात गेला ते स्थानांतर. घेणाऱ्याच्या हाती पडला ते वाटप. आवक एकूण साठा वाढविते, वाटप तो घटविते, स्थानांतराने एकूण साठा तेवढाच राहतो, जागा मात्र बदलते. नोंद त्याच वेळी करावी. संध्याकाळी आठवून केलेली नोंद ही नोंद नसून अंदाज असतो. गावात संपर्कजाल नसल्यास छापील तक्त्यावर लिहावे व परतल्यावर त्याच दिवशी संगणकात चढवावे.

४. गाडी हेही एक गोदामच

या पाठाचा गाभा येथे आहे. पुष्कळ ठिकाणी गठ्ठे गाडीत चढले की वाटप झाले असे लिहितात. त्याचा परिणाम पाहू.

समजा, गोदामात इयत्ता पाचवीच्या गणिताच्या ६०० प्रती आहेत. त्यांपैकी २४० प्रती गाडीत चढविल्या. मार्गावर तीन शाळा आहेत. त्यांची मागणी अनुक्रमे ९०, ७० व ८० प्रतींची आहे. पहिल्या दोन शाळांस पूर्ण प्रती मिळाल्या, तिसरीस ७६ मिळाल्या, व ४ प्रती गाडीच्या कोपऱ्यात राहिल्या. गाडी निघतानाच २४० चे वाटप लिहिले असेल, तर कागदोपत्री काम पूर्ण झाले. त्या ४ प्रतींचा शोध घेण्याचे कोणास कारणच उरले नाही.

आता गाडीस ‘ग-०१’ असा क्रमांक देऊन तिला एक जागा माना. गाडी भरताना २४० प्रतींचे स्थानांतर लिहा. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांनी मोजून पोच दिली, तेवढ्याचेच वाटप लिहा. सायंकाळी आज्ञावली दाखवील : गोदामात ३६०, शाळांस २३६, गाडीत ४, एकूण ६००. गाडीत ४ शिल्लक आणि तिसऱ्या शाळेत ४ ची उणीव, या दोन ओळी शेजारी येताच काय करावयाचे हे सांगावे लागत नाही. दुसऱ्याच दिवशी ती पुस्तके शाळेत जातात. नियम असा की, कोणतीही वस्तू एक क्षणभरही ‘कोठेच नाही’ अशी असता कामा नये.

५. गाडी भरण्याचा क्रम

गाडीतही खण करावेत. मांडण्या बसविलेल्या असतील तर ‘ग-०१-डा-०१’ म्हणजे डावीकडील पहिला खण. भाड्याचा टेम्पो असेल तर तळावर खडूने रेषा आखून प्रत्येक शाळेसाठी एक जागा ठरवावी. ज्या शाळेस शेवटी जावयाचे तिचे गठ्ठे प्रथम चढवावेत व आत ठेवावेत. पहिल्या शाळेचे गठ्ठे दाराशी यावेत. प्रत्येक गठ्ठ्यावर शाळेचे नाव व संख्या लिहिलेली चिठ्ठी सुतळीने बांधावी. गाडी परत आल्यावर ती रिकामी आहे असे गृहीत न धरता प्रत्येक खण पाहावा आणि उरलेला माल स्थानांतराने पुन्हा गोदामात घ्यावा.

६. मोजणी

वर्षअखेर सारे गोदाम एकदम मोजण्यापेक्षा रोज चार-पाच खण मोजणे सोयीचे. ज्याने नोंद केली त्याने मोजू नये. दुसऱ्याने मोजावे, व मोजणाऱ्यास नोंदीतील संख्या आधी सांगू नये. तफावत आढळल्यास आकडा लगेच दुरुस्त न करता शेजारचे खण व गाडी पाहावी. वस्तू बहुधा चुकीच्या खणात असते. कारण सापडल्यावरच दुरुस्ती करून खाली सही व दिनांक घालावा.

ही शिस्त प्रथम कष्टाची वाटेल. परंतु शोधाशोधीत जाणारा शिक्षकाचा वेळ हा वर्गातील मुलांचाच वेळ असतो, आणि नोंदीतील चार हा आकडा म्हणजे चार मुले असतात, हे ध्यानी घेतल्यास ती जड वाटणार नाही.

अभ्यासासाठी

१. आपल्या केंद्रातील साठ्याच्या खोलीचा नकाशा काढून प्रत्येक खणास क्रमांक द्या.
२. वाटप व स्थानांतर यांतील भेद आपल्या शाळेतील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
३. गाडीत १५० प्रती चढविल्या; दोन शाळांनी ६४ व ७९ प्रतींची पोच दिली. गाडीत किती शिल्लक दिसावी? प्रत्यक्षात ५ च सापडल्यास प्रथम कोठे पाहाल?
४. चार शाळांच्या एका मार्गासाठी गाडी भरण्याचा क्रम लिहा.