बुडालेल्या जहाजातली वजने

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आम्ही कापडवाले. आमची सारी उमर मीटरपट्टीवर गेली. म्हणून पूर्वीचे सौदागर मोजमाप कसे करीत, हे जाणण्याची आम्हाला हौस. आजचा सबक एका बुडालेल्या जहाजाचा आहे.

१९८२ साली तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, काश शहराजवळ, स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्रतळाशी धातूच्या लाद्या दिसल्या. कोपऱ्यांना कान काढल्यासारख्या! त्या जागेचे नाव उलुबुरुन. १९८४ ते १९९४ या काळात जॉर्ज बास व जेमाल पुलाक यांच्या देखरेखीखाली तेथे पाण्याखाली उत्खनन झाले. जहाज सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचे निघाले.

आता माल पाहा. तांबे सुमारे १० टन, कथील सुमारे १ टन. भांडी घडविणारे आमचे बंधू हे प्रमाण चटकन ओळखतील: दहाला एक मिसळले की कांसे तयार! तांबे सायप्रस बेटाचे होते. शिवाय निळ्या काचेच्या लाद्या, हस्तिदंत, आफ्रिकेचे काळे लाकूड आणि माठांत भरलेली सुगंधी राळ. एका रांजणात सायप्रसची मातीची भांडी रचून ठेवलेली होती. म्हणजे रांजण हेच पॅकिंग!

पण आमची नजर थांबली ती वजनांवर. दगडाची, ब्राँझची, शिशाची अशी दीडशेच्या आसपास वजने मिळाली. काही तर गाय, सिंह, बेडूक यांच्या आकाराची. बहुतेक वजने ९.३ ग्रॅमच्या एकाच मापाच्या हिशेबात बसतात. काही दुसऱ्या मुलुखांच्या मापांची आहेत. या संचांवरून जहाजावर निदान तीन व्यापारी असावेत, असे संशोधक मानतात. परक्या बंदरात भाषा वेगळी, राजा वेगळा. तिथे सौदा टिकायचा तो तराजूच्या भरवशावर.

जहाजावर लाकडाची दुपानी पाटीही मिळाली. अशा पाटीवर मेण थापून त्यावर लिहीत. मेण गेले, लिहिलेलेही गेले. मालकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. वजने मात्र राहिली आणि आज प्रयोगशाळेत तोलली जातात.

माप मारणाऱ्यांना कुराण शरीफच्या ८३ व्या सूरतमध्ये सक्त ताकीद आहे, हे आपण जाणतोच. गिऱ्हाईक पाहत नसेल तेव्हाही पट्टी सरळ धरावी. आपली चोपडी उद्या वाळवी खाईल. पण मापाचा हिशेब मागणारा कोणी ना कोणी असतोच.