आज्ञावलीतील दोषांची नोंद व पाठपुरावा

आज्ञावलीत दोष आढळताच 'संगणक चालत नाही' एवढेच कळविण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. अशा तक्रारीचा साहाय्य-पथकास उपयोग नसतो; दोष पुन्हा घडवून पाहता आला, तरच त्याचे मूळ सापडू शकते. म्हणून आज्ञावलीची आवृत्ती, केलेल्या कृतींचा क्रम, अपेक्षित व प्रत्यक्ष परिणाम आणि पडद्यावरील संदेश जसाच्या तसा नोंदवावा. पुष्कळदा नेमका हा संदेशच गाळला जातो!

नोंदीस क्रमांक मिळतो व पुढील पाठपुरावा त्याच क्रमांकाने होतो. मोझिला प्रकल्पाची, १९९८ पासूनची 'बगझिला' प्रणाली याच तत्त्वावर चालते.

गांभीर्य आणि प्राधान्य यांत मात्र विद्यार्थ्यांची गल्लत होते. क्वचित वापरली जाणारी सुविधा बंद पडणे गंभीर असले, तरी तिची दुरुस्ती थांबू शकते. उलट, मुखपृष्ठावर मंत्रालयाचे नाव चुकणे तांत्रिकदृष्ट्या किरकोळ, पण ते तातडीने सुधारावे लागते.

सुरक्षाविषयक दोष दुरुस्तीपूर्वी जाहीर करू नये. त्याचा गैरवापर होऊ शकतो. भारतात तो जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेल्या 'सर्ट-इन' या संस्थेस कळविता येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ७०ब या संस्थेविषयीच आहे.