कपाटात आहे, यादीत नाही

शहादा-तळोदा भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घेण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. आता खेड्यापाड्यांतली लहान ग्रंथालयंही या कामाला हात घालत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो.

एका ग्रंथालयानं हे काम बाहेरच्या माणसाला दर नोंदीमागे पैसे ठरवून दिलं. त्याच्याकडची मुलं भराभर टाइप करत गेली, यादी तयार झाली, कार्यकारिणी समाधानी झाली. पुढे एका विद्यार्थ्यानं वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह मागितला, तेव्हा संगणकानं पुस्तक नसल्याचं सांगितलं. पुस्तक कपाटातच होतं. आडनाव ‘सोनावने’ असं चढवलेलं, भाषेच्या रकान्यात हिंदी. त्या दिवसानंतर मी तिथल्या नोंदी तपासायला बसलो. चोरीला गेलेल्या पुस्तकाची पडताळणीत निदान नोंद होते. चुकीच्या नोंदीतलं पुस्तक आहे असंच सगळे धरून चालतात आणि वाचकाच्या हाती मात्र ते कधीच येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: नवं पुस्तक हातात आलं की लगेच नवी नोंद उघडू नका. आधी शोधा, तेही आडनाव आणि शीर्षकातला एखादा शब्द टाकून. आयएसबीएनवर विसंबू नका, जुन्या आणि स्थानिक पुस्तकांवर तो नसतोच. ‘कोहा’ असो की ‘ई-ग्रंथालय’, ग्रंथालयाच्या आज्ञावलीत पुस्तकाची नोंद एक आणि तिच्याखाली प्रती अनेक, अशीच रचना असते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून ‘श्यामची आई’च्या आणखी प्रती आल्या, तर जुन्याच नोंदीखाली त्या जोडायच्या. तसं न केल्यास एका नोंदीवरची प्रत बाहेर गेलेली दिसते, वाचक नाव नोंदवून थांबतो आणि दुसऱ्या नोंदीवरची प्रत कपाटात पडून राहते. लेखकाचं नावही एकाच रूपात ठेवा. मुलं ‘साने गुरुजी’ म्हणूनच विचारणार. ‘साने, पांडुरंग सदाशिव’ असं लिहिलंत तर प्रचलित नावावरून तिकडे नेणारी जोडनोंद हवीच.

माहिती नेहमी शीर्षकपृष्ठावरून घ्या. मुखपृष्ठावर नाव सजवलेलं असतं, पाठीवर तर बांधणीवाल्यानं छोटं केलेलं. १९६२च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत अनुस्वार भरपूर. शीर्षक जसं छापलंय तसं लिहा आणि आजचं रूप पर्यायी शीर्षकात द्या. शके दिलेलं असेल तर ७८ मिळवून इसवी सनही लिहा. टंकलेखनातही एक खोच आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं; त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत आणि अजूनही अनेक कळफलक तसंच उमटवतात. दोन्ही दिसायला सारखी असली तरी संगणकाला ती वेगळी वाटू शकतात. नावाआधी ‘ॲड.’ लिहिणारे लेखक अशानं यादीत दोन ठिकाणी विखुरले जातात. सर्वांनी एकच कळफलक वापरायचा, हे काम सुरू होण्याआधीच ठरवा.

भाषेच्या रकान्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. २०११च्या जनगणनेनुसार आमच्या नंदुरबार जिल्ह्यात दहांतले जवळपास सात जण आदिवासी आहेत. घराघरांत भिली, पावरी, मावची बोलल्या जातात, शिवाय अहिराणी. देवनागरीत छापलेलं दिसलं की ‘मराठी’ निवडायची, ही सवय आधी मोडायला हवी. आज्ञावलीच्या तयार यादीत भिली नसते म्हणून ती नोंदवायची नाही, असं होऊ देऊ नका. यादीत भाषा वाढवता येते. ड्यूईच्या वर्गीकरणातही भिली गुजराती-राजस्थानीबरोबर एकाच क्रमांकात बसवली आहे, तेव्हा वर्गांकावरून भाषा कळणार नाही. टिपेत स्पष्ट लिहा: कविता भिलीत, मराठी अनुवादासह. आपल्या भाषेतली पुस्तकं शोधणाऱ्या मुलाला ती एका शब्दात सापडली पाहिजेत.

संगणक आला म्हणून दाखल नोंदवही रद्दीत घालू नका. पुस्तकावरचा, वहीतला आणि संगणकावरचा दाखल क्रमांक एकच ठेवा. त्या ग्रंथालयातल्या नोंदी मला दुरुस्त करता आल्या, त्या वही जपलेली होती म्हणूनच. दिवसाच्या नोंदी संध्याकाळी दुसऱ्या कुणाला तरी पुस्तक समोर ठेवून वाचायला लावा. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक सहसा दिसत नाही. बाहेर काम द्यायचंच असेल, तर पैसे टाइप केलेल्या नव्हे, तपासलेल्या नोंदीवर द्या.

पावरीतलं शीर्षक नीट लागत नसेल तर मी अंदाजानं लिहीत नाही. धडगावकडचा कुणी वाचक आला की त्याच्याकडून वाचून घेतो, अर्थ विचारतो आणि तो मराठी अर्थ पर्यायी शीर्षकात टाकतो, म्हणजे कुठल्याही भाषेतून शोधलं तरी पुस्तक निघतं.