मुकं झालेलं पिकअप : चूक शोधण्याचा एक पाठ



पिकअप म्हटलं की आमच्या गावात भाजीची गाडी डोळ्यांसमोर येते. आजचं पिकअप मात्र इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेलं असतं. स्नेहसंमेलनाच्या आठवडाभर आधी माझा एक माजी विद्यार्थी, आता आठवीत आहे, गिटार पाठीला लावून घरी आला. मामाने दिलेली जुनी गिटार. “बाई, याचं एक पिकअप मेलंय. दुकानात म्हणाले कॉइल जळली, नवीन टाका.” नवीन घ्यायला घरी पैसे मागायची सोय नव्हती, कारण त्याने आधी एकदा प्लेट उघडून आत बघितलं होतं. “तूच बिघडवलीस” हे ऐकून झालं होतं. खरं तर त्याने स्क्रू काढून पाहण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं.

मला गिटार वाजवता येत नाही. पण विज्ञान प्रदर्शनाच्या पेटीत मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची गन असते, तेवढ्यावर बसलो.

आधी पिकअप म्हणजे काय ते बघू. सहा छोटे चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. सायकलच्या डायनामोतही तेच. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर हे पिकअप गप्प बसेल. मुलांना हे सांगण्याआधी विचारून बघा, छान उत्तरं येतात.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. साध्या पिकअपला बाहेरून वीज दिलेलीच नसते. ते स्वतः वीज बनवतं, तीही एका व्होल्टपेक्षा कमी. मग कॉइल ‘जळेल’ कशी? तुटू शकते, गंजू शकते. पण जळली म्हटल्यावर मला शंका आली.

ही गिटार १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची होती. तीन पिकअप, आवाजाचं एक बटण, टोनची दोन बटणं आणि पाच जागांचा स्विच. जागा १, ३ आणि ५ वर एकेकटं पिकअप बोलतं. २ आणि ४ वर शेजारची दोन मिळून बोलतात.

मुलाने लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलला. मी म्हटलं, थांब, आधी बाहेरून. गिटारला केबल लावायची, ॲम्प्लिफायरला नाही. केबलच्या मोकळ्या टोकाला पिनच्या टोकावर एक आणि बुडख्यावर एक अशा मीटरच्या दोन तारा धरायच्या. मीटर २० किलोओहमवर.

पहिलंच माप शून्य आलं! दोघंही दचकलो. मग कळलं, आवाजाचं बटण शून्यावर होतं. ते पूर्ण मिटवलं की आतली दोन टोकं जोडली जातात, मीटरला रस्ता मोकळा मिळतो. बटण पूर्ण उघडलं.

आता वहीत दोन रकाने पाडले. ‘काय यायला हवं’ आणि ‘काय आलं’. पहिला रकाना मोजण्याआधी भरायचा, ही माझी अट. अशा एका पिकअपचा रोध साधारण सहा किलोओहम असतो. दोन समांतर जोडली की निम्मा, म्हणजे तीन. म्हणून त्याने ६, ३, ६, ३, ६ असं लिहिलं. आलेली मापं अशी होती :

जागा १ – ६.२
जागा २ – ३.०
जागा ३ – ५.८
जागा ४ – ५.८
जागा ५ – मीटरचा पल्ला संपला. मोठा पल्ला लावल्यावर २४६ किलोओहम

“बाई, मीटर खराब आहे. मेलंय तर शून्य यायला पाहिजे ना?”

हा प्रश्न मला फार आवडला. शून्य रोध म्हणजे रस्ता मोकळा. तुटलेल्या रस्त्याचा रोध अगणित. मग २४६ आलं कुठून? आवाजाचं बटण हा स्वतः २५० किलोओहमचा रोध आहे, आणि तो पिकअपला समांतर बसलेला असतो. पिकअपचा रस्ता बंद झाल्यावर मीटरला तेवढा एकच रस्ता उरला. म्हणजे मीटर खरंच सांगत होता, आपल्याला ऐकता यायला हवं. चौथ्या जागेनेही तेच सांगितलं. दोघांऐवजी एकटंच मधलं पिकअप बोलत होतं.

वर्गात ५२ मधून २७ वजा करून मूल ३५ लिहितं, तेव्हा आपण फुली मारतो. पण ३५ कसं आलं ते बघा. सातातून दोन, पाचातून दोन. मूल मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय, दशक सुटा करायचा हे त्याला कळलेलं नाही. ते ३५ म्हणजे आमचं २४६. मी स्वतः कित्येक वर्षं नुसत्या फुल्या मारल्या आहेत.

आता उघडायची वेळ. तारा सैल केल्या, स्क्रू वाटीत ठेवले, आणि कशालाही हात लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला. फोटो राहिला तर पुढचा सगळा खटाटोप अंदाजाचा होतो. स्विच जागा १ वर नेला, म्हणजे संशयित पिकअप बाकीच्यांपासून वेगळं पडलं. त्याची एक तार स्विचला जाते, दुसरी आवाजाच्या बटणाच्या पाठीला. त्या दोन टोकांत मोजलं तर रस्ता बंद. मग थेट पिकअपच्या बुडाशी, वेढ्यांची टोकं जिथे संपतात तिथे मोजलं. ५.९!

कॉइल धडधाकट होती. मुलाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

उरल्या दोन तारा. स्विचकडची ठीक. दुसरीचं बटणाच्या पाठीवरचं सोल्डर दिसायला चांगलं गोल, पण अळूच्या पानावर पाण्याचा थेंब बसतो तसं नुसतं टेकलेलं. बटणाची पाठ म्हणजे मोठा पत्रा, तो उष्णता ओढून घेतो. पत्रा पुरेसा तापला नाही की सोल्डर वर गोळा होऊन बसतं, धरत नाही. मी पत्रा घासला, आधी तो तापवला, मग सोल्डर वितळवलं. ते पसरून चपटं, चकचकीत बसलं. (हे काम मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून करायचं. धूर नाकात जाऊ द्यायचा नाही.)

मापं आता बरोबर आली. ॲम्प्लिफायरला लावलं, पाचवी जागा खणखणीत. पण चौथ्या जागेवर आवाज पातळ, नाकातून बोलल्यासारखा. म्हणजे आधी कुणीतरी त्या पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या. दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होती, त्यामुळे जाड सूर आपसांत कापले जात होते. रोधाच्या मापाला हे कळत नाही, तार सुलट असो वा उलट, आकडा तोच. त्यासाठी काट्याचा मीटर डीसीच्या सर्वांत लहान पल्ल्यावर केबलला लावला. पिकअपच्या चुंबकावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून झटकन उचलला की काटा किंचित हलतो. दोन पिकअपचा काटा उजवीकडे, तिसऱ्याचा डावीकडे. त्या दोन तारांची अदलाबदल केली आणि चौथी जागा भरून आली.

प्लेट बंद करण्याआधी शेवटचं माप घेतलं, गिटारच्या पोलादी तारेपासून केबलच्या पिनच्या बुडख्यापर्यंत. जवळजवळ शून्य. हे असंच असायला हवं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते ती यामुळेच. पण पालकहो, याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. वाजवणाऱ्याची बोटं केबलमधून थेट ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर एक हात तारांवर आणि ओठ माइकला, इतकं पुरतं. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला.

संमेलनाच्या दिवशी मंडपात गेले तर ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाडी पिन कापून टाकलेली. “बोर्डात बसत नव्हती मॅडम, सगळीकडे असंच चालतं.” मी गिटार लावू दिली नाही. मुलगा रुसून पायरीवर बसला. नवीन प्लग आणून ऑफिसमधल्या अर्थिंगच्या बोर्डातून वायर ओढेपर्यंत पाऊण तास गेला, आणि त्याचा नंबर दुसरीच्या कोळीनृत्यानंतर लागला.