गोळीबार सुरू असताना रुग्णवाहिका बाहेरच थांबवायची?

प्रश्न : मी १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. कुठे अंदाधुंद गोळीबार झाला, तर पोलीस पूर्ण इमारत तपासेपर्यंत आम्ही फाटकाबाहेरच थांबायचे का?

उत्तर : पूर्वी शिरस्ता तोच होता. १९९९मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत पोलीस विशेष पथकाची वाट पाहत राहिले आणि गोळी लागलेले एक शिक्षक काही तासांनी आतच रक्तस्रावाने दगावले. तेव्हापासून तिथे पहिले पोहोचणारे पोलीस थेट हल्लेखोराकडे जातात. जिथला धोका सरला, पण झडती बाकी आहे, अशा भागात पोलिसांच्या संरक्षणात वैद्यकीय पथक शिरते. तिथे काम मोजकेच : रक्त वाहत असलेल्या हातापायाला टूर्निकेट (रक्तस्राव रोखणारा पट्टा) करकचून बांधा, त्यावर वेळ लिहा, जखमीला बाहेर काढा. सलाइन, टाके नंतर.

एकत्र सराव नसेल, तर मात्र परस्पर आत शिरू नका. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांचे प्रमुख एकाच जागी हवेत, रुग्णवाहिकांची वाटही मोकळी हवी. जिल्ह्यातल्या मॉक ड्रिलमध्ये तुमचे पथक नसेल, तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आजच लेखी मागणी करा.